‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ला उशिरा मिळालेली दाद

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९८९चा मूळ ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा संगणकावरचा खेळ निघाला तेव्हा फारसा खपला नाही असं वाचनात आलं, मग तो अभिजात कधी आणि कसा ठरला? आणि आज तो खेळायला घेतला की हात एवढा जड का पडतो, तेव्हाच्या लोकांनाही तसंच वाटायचं का?

मी वीस वर्षं पुण्यात ॲनिमेशन शिकवतोय. त्याआधी मोबाईल गेम बनवणाऱ्या कंपनीत कॅरेक्टरच्या हालचाली काढायचो. हा खेळ मी दरवर्षी नव्या बॅचसमोर लावतो, त्यामुळे लोकांचं त्याच्याबद्दलचं मत कसं हलतं हे जवळून पाहिलंय. तुमचे दोन प्रश्न मला एकच वाटतात. या खेळातल्या माणसाला वजन आहे. तेच वजन एका पिढीला चमत्कार वाटलं, दुसरीला खोट वाटली आणि तिसरीला पुन्हा गुण वाटला. खपाची गोष्टही त्याच्याच आजूबाजूने फिरते, म्हणून आधी ते वजन आलं कुठून ते सांगतो.

जॉर्डन मेकनर येल विद्यापीठात शिकत असताना त्याचा ‘कराटेका’ १९८४ मध्ये निघाला आणि चांगला चालला. पुढच्याच वर्षी त्याने नवा खेळ हाती घेतला. ऑक्टोबर १९८५ मध्ये त्याने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, एका पार्किंगच्या मोकळ्या जागेत पळायला आणि उड्या मारायला लावलं आणि व्हीएचएस कॅमेऱ्यावर त्याचं चित्रण केलं. मग ती टेप टीव्हीवर लावायची, एकेका चित्रावर थांबवायची, पडद्याचा साध्या कॅमेऱ्याने फोटो काढायचा, रोल धुऊन आणायचा, फोटोतल्या आकृतीला मार्करने आणि पांढऱ्या शाईने कडा द्यायच्या, त्याची झेरॉक्स काढायची आणि मग ती संगणकात घ्यायची. आज माझे विद्यार्थी मोबाईलवर दहा मिनिटांत जे करतात, त्याला त्या माणसाचे महिने गेले. तलवारबाजीचं चित्रण काही केल्या जमेना, तेव्हा १९३८च्या रॉबिनहूडवरच्या चित्रपटातलं एरॉल फ्लिन आणि बॅसिल रॅथबोन यांचं द्वंद्व त्याच्या कामी आलं. त्यात काही क्षण दोघं कॅमेऱ्याला अगदी बरोबर बाजूने दिसतात. तेवढ्या क्षणांवरून त्याने आपल्या पहारेकऱ्यांचे वार आणि बचाव उतरवले.

हे सगळं तो ॲपल टू या संगणकासाठी करत होता, ६५०२ प्रोसेसरच्या असेंब्ली भाषेत. संगीत त्याच्या वडिलांनी, फ्रान्सिस मेकनर यांनी दिलं. मधल्या काळात पटकथालेखनाकडे ओढा असल्यामुळे काम बरेच महिने पडूनही राहिलं. खेळ बाहेर यायला १९८९ उजाडलं.

आणि इथेच पहिला घात झाला. ॲपल टू हे १९७७चं यंत्र. १९८५ मध्ये त्यावर खेळ करायला घेणं शहाणपणाचं होतं, १९८९ पर्यंत मात्र बाजार त्याच्याकडे पाठ फिरवून बसला होता. दुकानदार ॲपल टूचे खोके मागच्या फळीवर ढकलत होते. ब्रॉडरबंड ही प्रकाशक कंपनी ‘प्रिंट शॉप’ आणि ‘कार्मेन सँडिएगो’ या आपल्या इतर सॉफ्टवेअरवर मजेत चालली होती, आणि उतरत्या यंत्रावरच्या खेळासाठी जाहिरातीवर फार खर्च झाला नाही. परीक्षणं चांगली आली. लिहिणाऱ्यांनी हालचालींचं तोंड भरून कौतुक केलं. पण जुलै १९९० पर्यंत अमेरिकेत ॲपल टू आणि आयबीएम पीसी या दोन्ही आवृत्त्यांच्या प्रती हजारांतच मोजण्याइतक्या खपल्या होत्या, साधारण सात-सात हजार. चार वर्षांच्या कामाला हे काहीच नाही.

तेव्हा ‘लोकांना तो आवडला नाही’ असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. बहुतेकांपर्यंत तो पोचलाच नव्हता. ज्यांच्यापर्यंत पोचला त्यांना तो आवडला. खपाचा आकडा आणि आवड या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून वाचल्या पाहिजेत, नाहीतर सगळाच हिशेब चुकतो.

मग त्याला दुसरा जन्म मिळाला. जपानमध्ये एनईसीच्या पीसी-९८०१ संगणकावरची आवृत्ती १९९०च्या जुलैमध्ये आली आणि आल्या आल्या दहा हजार प्रती गेल्या. युरोपातही मागणी सुरू झाली. अमिगा, अटारी एसटी या संगणकांवरच्या, मग कन्सोलवरच्या, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रांवरच्या, आवृत्त्या निघत गेल्या. १९९२च्या सुपर निन्टेन्डोच्या आवृत्तीत तर जपानी संघाने पातळ्या वाढवून वीस केल्या आणि खेळ पूर्ण करायची एका तासाची मुदत दोन तासांवर नेली. त्याच वर्षी मॅकिंटॉशवरची आवृत्ती आली. ती उशिरा आली हे पथ्यावरच पडलं, कारण तोवर रंगीत पडद्याचे मॅक घरोघर जाऊ लागले होते आणि त्यावर दाखवण्यासारखे खेळ थोडेच होते. सोबत पीसीची आवृत्तीही नव्या, उठावदार आकाराच्या खोक्यात पुन्हा बाजारात आणली. १९९३ मध्ये दुसरा भाग आला तोवर पहिल्याच्या जगभरात वीस लाखांच्या आसपास प्रती खपल्या होत्या. खेळ तोच होता. फरक पडला तो यंत्रांत, खोक्यात आणि वेळेत.

या आकड्यांत आपण नाही, हेही इथेच सांगायला हवं. आपल्याकडे हा खेळ कुणी विकत घेतल्याचं मला तरी आठवत नाही. तो फ्लॉपीवरून आला. मी १९९३ मध्ये सांगलीला एका कॉम्प्युटर क्लासला जायचो. चपला बाहेर काढायच्या, एसीच्या खोलीत जायचं, संगणकावरचं प्लास्टिकचं आच्छादन घडी घालून बाजूला ठेवायचं. सर डॉसच्या कमांड शिकवायचे आणि शेवटची दहा मिनिटं मोकळी सोडायचे. तेव्हा डिगर, डेव्ह आणि प्रिन्स, या तीन खेळांची नावं सगळ्यांच्या तोंडी. डेव्ह सगळ्यांना जमायचा. प्रिन्स कुणालाच जमायचा नाही, पण बघायला गर्दी मात्र त्याच्याच मशीनपाशी. पिवळसर एकरंगी पडदा, आतला छोटा स्पीकर पिपाणीसारखा वाजायचा, आणि तो पांढऱ्या कपड्यातला माणूस कठड्याला लोंबकळून वर चढायचा. चढताना आधी कोपर टेकवायचा, मग गुडघा. आमच्यातला एक मुलगा ते पाहून म्हणाला होता, “अरे, हा खरंच चढतोय.” समीक्षकांनी पानंच्या पानं लिहून जे सांगितलं ते या चार शब्दांत आलं होतं.

पहिली पातळी संपली की एक खोली यायची, त्यात अक्षरं लिहिलेली औषधं मांडलेली असायची. छापील पुस्तिकेतला अमुक पानावरचा, अमुक ओळीतला, अमुक शब्द बघा आणि त्याच्या पहिल्या अक्षराचं औषध प्या, असा त्याचा अर्थ होता. चोरीची प्रत ओळखायचा तो उपाय. आमच्याकडे पुस्तिका कुठली असायला? आम्हाला तो खेळाचाच भाग वाटायचा, नशिबाची खोली. कितीतरी मुलांनी त्या खोलीत अंदाजाने औषधं पिऊन प्राण सोडले असतील. मग कुणीतरी ‘प्रिन्स मेगाहिट’ लिहून खेळ सुरू करायची युक्ती आणली, आणि शिफ्ट दाबून एल मारला की पुढची पातळी. आमच्या पिढीने हा खेळ असा तुकड्यातुकड्यांत, उड्या मारत पाहिला. सरळ एका बैठकीत, तासाच्या आत पूर्ण केलेला माणूस मला त्या काळात भेटला नाही.

आता हाताच्या जडपणाकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नातला खरा गाभा मला तोच वाटतो.

१९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये तुम्ही हवेत असतानाही मारिओला मागे-पुढे वळवू शकता. बटण किती वेळ दाबलं त्यावर उडी किती उंच जायची ते ठरतं. बोट आणि पडद्यावरचा माणूस यांच्यात अंतरच नाही. प्रिन्समध्ये तुम्ही फक्त इच्छा सांगता. पळ म्हटलं की तो आधी वाकतो, एक पाय मागे रोवतो, मग वेग घेतो. पळता पळता उलटी कळ दाबली तर तो घसरतो, टाच रोवतो, अंग फिरवतो आणि मग कुठे निघतो. उडी एकदा मारली की मारली, हवेत पश्चात्ताप चालत नाही. प्रत्येक खोली दहा आडव्या आणि तीन उभ्या घरांत आखलेली आहे, आणि त्याची पावलं त्या घरांच्या हिशेबात पडतात. कड्याच्या अगदी टोकाशी जायचं तर शिफ्ट दाबून एकेक सावध पाऊल टाकावं लागतं. एक मजला पडला तर काही होत नाही, दोन मजले पडला तर पडद्यावर त्याचं आयुष्य दाखवणाऱ्या त्रिकोणांपैकी एक जातो, तीन मजले पडला तर संपला. आणि कात्रीसारखी बंद होणारी ती पाती! तिथे थांबून श्वास घेऊन, ठेका मोजून पाय टाकावा लागतो.

ज्यांनी आधी संगणकावर टिचभर चौकोनी माणसंच सरकताना पाहिली होती त्यांना हे १९९० मध्ये अद्भुत वाटलं. पण कन्सोलवर वाढलेल्या मुलांना तेच आळशी, उशिरा हुकूम पाळणारं वाटलं. ही तक्रार नव्वदीच्या दशकातही होती, आजची नाही. माझ्या वर्गात तर दरवर्षी ऐकायला मिळते. पहिल्या पातळीवर विद्यार्थी मिनिटभरात दोनदा मरतो आणि मागे वळून म्हणतो, “सर, लॅग होतंय,” म्हणजे यंत्र मागे पडतंय.

मग मी एक करतो. त्याला वर्गाबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये पळायला लावतो आणि मी टाळी वाजवली की उलट फिरायचं, असं सांगतो. बाकीचे मोबाईलवर चित्रण करतात. मग ते चित्रण आम्ही एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहतो. टाळी वाजते तेव्हा त्याचा एक पाय हवेत असतो. तो खाली येतो, पुढे घसरतो, गुडघा वाकतो, खांदे आधी फिरतात, कंबर मागून येते. उलट दिशेचं पहिलं पाऊल पडेपर्यंत अर्धा सेकंद तरी गेलेला असतो. त्यानंतर खेळातलं तेच वळण शेजारी लावतो. खेळ सेकंदाला सुमारे बारा चित्रं दाखवतो, म्हणजे चित्रपटाच्या चोवीसच्या हिशेबात एक चित्र दोनदा, आम्ही हाताने काढणारे लोक पूर्वी ज्याला ‘दोनावर’ काम करणं म्हणायचो तेच. एवढ्या थोड्या चित्रांत ती टाच, तो गुडघा, ते खांदे सगळं आहे. वर्गात शांतता पसरते. नंतर तोच मुलगा पुन्हा खेळायला बसतो आणि कळ दाबण्याऐवजी आधी बघायला लागतो. मरतो तरी ‘लॅग’ हा शब्द पुन्हा येत नाही. तो म्हणतो, “मी उशीर केला.”

माझ्या मते या खेळाच्या स्वागताचा सगळा इतिहास त्या दोन वाक्यांत मावतो. दोष यंत्राचा की माझा, हे खेळणाऱ्याला कधी कळतं त्यावर त्याचं मत ठरतं.

पुढच्या खेळकर्त्यांना ते लवकर कळलं. १९९१चा ‘अनदर वर्ल्ड’, १९९२चा ‘फ्लॅशबॅक’ हे याच घराण्यातले. अंगाची खरीखुरी हालचाल, हवेत न वळणारी उडी, चुकलं की मरण. १९९६च्या ‘टूम रेडर’मध्ये लारा क्रॉफ्ट चौकोनांच्या हिशेबात पाऊल टाकते, कड्यावर येऊन उभी राहते, एक पाऊल मागे जाऊन धाव घेते, तेव्हा तिन्ही मितींत प्रिन्सच चाललेला दिसतो. २००१च्या ‘इको’चा कर्ता फुमितो उएदा यानेही प्रिन्सचं ऋण मानलेलं आहे. म्हणजे सामान्य खेळणारा जेव्हा त्याला जुनाट म्हणून बाजूला ठेवत होता, तेव्हा खेळ बनवणारे त्याचा अभ्यास करत होते. खेळ अभिजात होण्याची सुरुवात कारागिरांच्या टेबलावर झाली, असं मी म्हणेन.

त्याच सुमारास त्याच्या नावाला धक्काही बसला. १९९९चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया थ्रीडी’ चुकांनी भरलेला निघाला आणि लोकांनी नाकारला. ते साल असं होतं की द्विमितीय खेळ म्हणजे गरिबाघरचा, असाच समज होता. मूळ खेळ दुकानातून गेलेला, नवा फसलेला. त्या दोन-तीन वर्षांत कुणी विचारलं असतं तर प्रिन्सचं नाव संपलं असंच उत्तर मिळालं असतं. २००३ मध्ये युबिसॉफ्ट या कंपनीने मेकनरला सोबत घेऊन ‘सँड्स ऑफ टाइम’ आणला आणि चित्र पालटलं. त्यात चुकलेली उडी मागे घेता येते, वाळू उलटी वाहते आणि काळ मागे जातो. मला ही मूळ खेळाला दिलेली फार सुंदर दाद वाटते. हवेत पश्चात्ताप चालत नाही, हा जो नियम लोकांना बोचत होता, त्याच्यावरच त्यांनी नव्या खेळाची कल्पना उभारली. अनेकांनी हा नवा खेळून मग जुना शोधला.

मूळ खेळातली एक गोष्ट मात्र कुठल्याही काळात कुणाला खटकली नाही. ती जरा सविस्तर सांगतो, कारण स्वागत टिकून राहण्यात तिचा वाटा मोठा आहे.

चौथ्या पातळीवर दार उघडून परतताना वाटेत एक आरसा उभा असतो. येताना तो तिथे नव्हता. पुढे जायचं तर त्याच्यातून पळत जाऊन उडी मारण्यावाचून इलाज नाही. उडी मारली की तुम्ही काचेतून आरपार जाता आणि तुमचंच प्रतिबिंब आरशाच्या दुसऱ्या बाजूने बाहेर पडून निघून जातं. तुमचा एक त्रिकोण सोडून बाकी सगळं आयुष्य गळून जातं. पुढच्या पातळीवर तुम्ही औषधाकडे धावत असता आणि ती सावली आधी येऊन ते पिऊन टाकते. सहाव्या पातळीवर ती दाराची कळ दाबून दार तुमच्या तोंडावर बंद करते आणि तुम्ही खाली कोसळता. बाराव्या पातळीवर ती तलवार घेऊन समोर उभी राहते. तुम्ही तिला मारलं की तुमचाच त्रिकोण कमी होतो. तिला ठार केलंत की तुम्हीही मेलात. उपाय एकच. तलवार म्यान करायची. सावलीही म्यान करते. मग दोघांनी एकमेकांकडे चालत जायचं आणि एक व्हायचं. त्यानंतर पुढच्या दरीवर पाऊल टाकलं की पायाखाली फरशी आपोआप उमटत जाते.

ही कल्पना आली कुठून? स्मरणातून, म्हणजे संगणकाच्या. मेकनरच्या खेळात सुरुवातीला शत्रूच नव्हते. नुसते सापळे होते. त्याची सहकारी टोमी पियर्स त्याला सारखी सांगत होती की यात लढाई हवी. त्याचं उत्तर ठरलेलं, की मेमरीत जागा नाही, नायकाच्या चित्रांनीच ती भरलीय. मग नायकाचीच चित्रं वापरायची, फक्त प्रत्येक चित्र एका बिटने, म्हणजे किंचित, बाजूला सरकवून स्वतःवरच ठेवायचं आणि फरक पडेल तेवढंच दाखवायचं, असा तोडगा निघाला. त्यातून एक चकाकती, पोकळ कडांची आकृती तयार झाली. वेगळी चित्रं लागलीच नाहीत. ती सावली पाहून त्याला लढाईची गंमत कळली, मग त्याने झगडून आणखी जागा मोकळी केली आणि पहारेकरी आले.

मी जावा फोनवरचे खेळ करायचो तेव्हा काही फोनवर अख्खा खेळ ६४ केबीच्या फाईलमध्ये बसवावा लागायचा. एकच माणूस काढायचा, त्याचे रंग बदलून चार शत्रू करायचे, हे आम्ही रोज करत होतो. पण त्या एका माणसाच्या उलट्या छायेला कथेत जागा द्यायची, तिला नायकाशी बांधायची, शेवटी दोघांना एकत्र आणायचं, हे आम्हाला सुचलं नाही. ज्या दिवशी मला या सावलीमागची हकिकत कळली त्या दिवसापासून मी या खेळाकडे वेगळ्या आदराने बघतो.

हकिकत कळली कशी, हाही स्वागताच्या इतिहासातला एक टप्पाच आहे. मेकनर हा खेळ करताना रोजनिशी लिहीत होता. ती त्याने पुढे पुस्तकरूपाने छापली, त्यात शंका, कंटाळा, पैशाची काळजी सगळं आहे. मूळ ॲपल टूचा प्रोग्रॅम मात्र हरवलेला होता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरातल्या कपाटात जुन्या फ्लॉप्यांचा खोका सापडला. जुनी माध्यमं वाचवणारे जेसन स्कॉट आणि टोनी डियाझ यांनी त्यावरची माहिती सुखरूप बाहेर काढली आणि मेकनरने तो सगळा प्रोग्रॅम लोकांसाठी खुला केला. त्याआधीच २०११ मध्ये एका हौशी माणसाने मूळ खेळ उलगडून तो कमोडोर ६४वर आणला होता. २०१८ मध्ये तर सापडलेल्या प्रोग्रॅमवरून तो बीबीसी मास्टर या संगणकावरही गेला. एका उतरत्या यंत्रामुळे ज्याचा घात झाला, तो खेळ आता केव्हाच बंद पडलेल्या इतर जुन्या यंत्रांवर लोक प्रेमाने चढवतायत. आता त्याच्याबद्दल लिहिणारा नुसता खेळून लिहीत नाही. रोजनिशी वाचतो, प्रोग्रॅमच्या ओळी बघतो. एवढी कागदपत्रं उपलब्ध असलेला त्या काळातला दुसरा खेळ शोधूनही सापडणं कठीण आहे, आणि अभ्यासक्रमात तो लागण्याचं ते एक सरळ कारण आहे.

सगळंच मत वर चढत गेलं असं समजू नका. एक बाजू काळाबरोबर उतरली, आणि ते योग्य झालं. यातला पर्शिया म्हणजे अरबी सुरस कथांमधून उचललेला पडदा आहे. कपटी वजीर जाफर, बंदिस्त राजकन्या, आणि सोनेरी केसांचा परदेशी नायक. १९९० मध्ये हे फारसं कुणाला खुपलं नाही, आम्हालाही नाही. आज माझ्या वर्गातल्या मुली पहिला प्रश्न विचारतात तो राजकन्येचा, की ती तासभर वाळूच्या घड्याळाशेजारी नुसती उभीच का? आठव्या पातळीवर ती एका उंदराला पाठवते, तो कळ दाबतो आणि तुमची सुटका होते. तिच्या वाट्याला आलेली कृती तेवढीच. हा आक्षेप मी कधी खोडत नाही. त्याच्या शेजारी २०२४चा ‘द लॉस्ट क्राउन’ ठेवला की फरक दिसतो. इराणी पुराणकथांतला सीमुर्ग पक्षी आणि काफ पर्वत, सार्गोन नावाचा नायक, आणि संपूर्ण खेळ फारसी संवादांत खेळायची सोय. तो पुन्हा बाजूने दिसणारा, धावण्या-उडण्याचा खेळ आहे. परीक्षणं उत्तम आली, खप मात्र अपेक्षेइतका झाला नाही आणि त्याच वर्षी तो बनवणारा संघ इतर कामांवर पांगवला गेला. हे वाचताना मला १९९०चा जुलै आठवला. त्या खेळालाही काही वर्षांनी त्याचे लोक भेटतील, अशी माझी खात्री आहे.

तुम्हाला आता तो खेळायचाच असेल तर थोडं व्यवहाराचं सांगतो. चाहत्यांनी डॉसची आवृत्ती उलगडून नव्या संगणकांसाठी केलेली ‘एसडीएलपॉप’ नावाची आवृत्ती मिळते, ती घ्या. हालचालींचा ठेका मूळचाच आहे. सुपर निन्टेन्डोची आवृत्ती दिसायला देखणी आहे, पण पहिल्यांदा ती नको, लांबण लागते. मेगाहिट वापरू नका. पहिला दिवस घड्याळाकडे अजिबात न बघता पहिल्या पातळीवर घालवा. तलवार शोधायचीही घाई नको. नुसतं पळा, थांबा, वळा, कठड्याला लटका, खाली सोडून द्या. पळताना उडीची कळ कड्यावर पोचल्यावर दाबायची नसते, कड्याच्या आधीच्या पावलाला दाबायची असते. हे एकदा बोटांत बसलं की अर्धा खेळ आला. तिसऱ्या पातळीपासून खेळ साठवून ठेवता येतो. सांगाड्याशी लढताना तो मरत नाही, त्याला मागे रेटत कड्यावरून खाली ढकलायचं. आणि आरशासमोर आलात की कुणालातरी शेजारी बसवा. ती उडी पहिल्यांदा पाहणाऱ्याचा चेहरा मी वीस वर्षं दरसाल बघतोय, अजून कंटाळा आलेला नाही.